सर्वांत लहान माप

आमच्या गटाला थोरले भाऊजी ‘गुंतवळ मंडळ’ म्हणतात. केस विंचरल्यावर कंगव्यात उरतं ते गुंतवळ. हा विनोद ते सहा वर्षं करताहेत आणि दर वेळी स्वतःच हसतात. मी त्यांची धाकटी भावजय. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत काढली, रांग मोडणाऱ्या भल्याभल्यांना सरळ केलं, तेव्हा या विनोदाला उत्तर माझ्या जिभेवर तयारच असायचं. पण भाऊजींची बायको, म्हणजे माझी जाऊ, माझ्याच शेजारी बसून विणत असायची. जाऊबाई काही बोलत नाहीत म्हटल्यावर मीही मूग गिळून बसायचे.

दर बुधवारी दुपारी तीन वाजता आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, एक डुगडुगणारं टेबल, आणि एकदा उघडली की बंद व्हायचं नाव न घेणारी खिडकी. सहा बायका आणि एक बेकरीवाला. तो पहाटे चारला भट्टी पेटवतो, दुपारी दुकान भाच्यावर टाकतो आणि पिठाचे हात धुऊन क्रोशाची सुई घेऊन येतो. आम्ही टोप्या विणतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं इस्पितळाच्या ज्या वॉर्डात ठेवतात, तिथे त्या जातात. एवढ्याशा डोक्यातून ऊब भराभर निघून जाते, म्हणून टोपी लागतेच. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी तिथल्या सिस्टर पिशवी घेऊन येतात. सर्वांत लहान टोपीचं माप म्हणजे टेनिसचा चेंडू. चेंडू बेकरीवाल्याच्या कुत्र्याचा, पण साबणाने धुऊन घेतलेला.

क्रोशाबद्दल एक सांगते. स्वेटर यंत्रावर विणता येतो, पण क्रोशाचं काम अजून माणसाच्याच हाताने होतं. त्यामुळे ज्याचा त्याचा स्वभाव टाक्यात उतरतो. बेकरीवाल्याचे टाके इतके सैल की त्याच्या टोपीतून बाळाचे केस मोजता येतील. जाऊबाईंचे टाके एकसारखे, मागून बघा नाहीतर पुढून. माझे घट्ट. रागाच्या दिवशी तर सुई आत शिरत नाही.

आणि त्या बुधवारी मला राग आला होता. खोलीच्या दारावर ग्रंथपालांनी नवी पाटी लावली होती: ‘विरंगुळा गट. कृपया आवाज करू नये.’ तळपायाची आग मस्तकात गेली. विरंगुळा! मी बसल्या बसल्या तोंडाचा पट्टा सोडला आणि हात आपले चालूच ठेवले. टोपी माथ्यापासून सुरू होते. आधी एक लहानसं कडं, मग प्रत्येक फेरीला टाके वाढवत जायचं, आणि माप आलं की वाढवणं थांबवून सरळ खाली उतरायचं. बोलण्याच्या भरात मी दोन फेऱ्या आधीच खाली उतरले. वर माझे घट्ट टाके. टोपी झाली ती माझ्या तीन बोटांवर जेमतेम बसली.

“काकू, माझ्या अंगठ्याला थंडी वाजते हो,” बेकरीवाला म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

“उसव ती,” जाऊबाई म्हणाल्या. “दोरा तरी वाया जायला नको.”

मी टोक शोधत होते तेवढ्यात दारातून सिस्टर म्हणाल्या, “उसवू नका. मला द्या.”

मला वाटलं, थट्टाच चाललीय. पण त्यांनी टोपी हातात घेतली, आत दोन बोटं घालून बघितली आणि खुर्ची ओढून बसल्या.

“काही बाळं श्वासच घेत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पाचव्या, सहाव्या महिन्यातच येतात. कधी दिवस पूर्ण भरूनही तसंच होतं. आईला एकदा हातात घ्यायचं असतं ना? लहानग्यांना तुमची टोपी नाकाखाली येते. आम्ही गॉजमध्ये गुंडाळून देतो. जखमेवर बांधतात ते गॉज. मला लाज वाटते हो देताना.”

जाऊबाई उठल्या आणि निघून गेल्या. सुई टेबलावर, दोऱ्याचा गुंडा जमिनीवर. सहा वर्षांत त्यांनी एकदाही आपलं काम असं टाकलं नव्हतं.

त्या का गेल्या, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला त्या घरात येऊन आठ महिने झाले होते. जाऊबाईंचे पहिल्या खेपेचे दिवस भरत आले होते आणि त्यांनी लिंबाच्या रंगाच्या लोकरीचा संच विणून ठेवला होता. स्वेटर, टोपी, पायमोजे. मुलगी झाली. ती रडलीच नाही. जाऊबाईंना ताप भरला, चार दिवस इस्पितळात ठेवलं, आणि मुलगी त्यांना दाखवलीसुद्धा नाही. दाखवलं तर विसरणं जड जातं, असं तेव्हा सगळेच शहाणे म्हणायचे. भाऊजी एकटे गेले, बाळाला घेऊन गेले, एकटे परत आले. सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं आणि सांगितलं, “ती यायच्या आत ते विणलेलं नाहीसं कर.”

मी केलं. एका दुपारीत सगळं उसवलं. आणि त्या घरात चिंधीही वाया जात नसे, म्हणून त्याच लोकरीचं मी चहाच्या किटलीवर घालायचं झाकण विणलं. सासूबाईंनी कौतुक केलं. अकरा वर्षं ते झाकण रोज सकाळी टेबलावर होतं. त्या मुलीचं नाव कुणी काढलं नाही. नाव ठेवलंच नव्हतं म्हणा. पुढे जाऊबाईंना दोन मुलगे झाले, घर भरलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. हे लिहिताना मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्या संध्याकाळी मी त्यांची सुई आणि गुंडा घेऊन वरच्या मजल्यावर गेले. आम्ही एकाच इमारतीत राहतो. भाऊजी फिरायला गेले होते. मी दारातच म्हटलं, “जाऊबाई, तो संच मी उसवला होता. ते किटलीचं झाकण…”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. लोकर ओळखू येत नाही होय मला? चार दुकानं फिरून आणलेली. आणि उसवलेली लोकर कुरळी राहते गं, नव्यासारखी सरळ होत नाही. रोज चहा ओतताना बघायचे मी.”

“मग बोलला का नाहीत? दोन थोबाडीत द्यायच्या!”

“कुणाकुणाला देऊ? घरात सगळेच एवढे समजूतदार.” त्यांनी माझ्या हातातली सुई घेतली. “राग होता तुझ्यावर. पुष्कळ वर्षं होता. थोडा अजूनही आहे.”

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्या म्हणाल्या, “मला एकच गोष्ट खुपते, धाकटे. स्वेटर तू उसवलास. मग तिच्या अंगावर काय होतं? उघडीच नेली का तिला? चव्वेचाळीस वर्षं मी रोज हे स्वतःला विचारते आणि यांना विचारायचं धाडस होत नाही. विषय जवळ आला तरी हे उठून दुसऱ्या खोलीत जातात.”

मी खाली मान घालून बसले. मग त्याच म्हणाल्या, “चल, मऊ दोरा काढ. लिंबाचं माप घेऊ.”

पुढच्या बुधवारी टेबलावर चेंडूच्या शेजारी एक लिंबू आलं. सुरुवातीला हात चालेनात. आमच्यातली एक तर दोन फेऱ्या विणायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. मग सवय झाली म्हणणार नाही, पण काम सुरू झालं. सिस्टरांनी सांगितलं की या बाळांची कातडी फार नाजूक असते, घट्ट वीण चालायची नाही. झालं! ज्या सैल टाक्यांसाठी आम्ही बेकरीवाल्याला सहा वर्षं टोचून खाल्लं, तेच टाके सर्वांत योग्य ठरले. तो नुसता फुलून गेला. आम्ही सगळ्या त्याच्याकडून सैल हात शिकायला लागलो. मला काही केल्या जमेना. मी चिडलेली असले की जाऊबाई माझ्या हातातली टोपी काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “तू फुलपाखरं कर.” त्या वर्षी मी अठ्ठावन्न फुलपाखरं केली.

फुलपाखरं लागायची प्रदर्शनासाठी. वाचनालयाच्या दर्शनी भागात काचेचं कपाट आहे, रस्त्यावरूनही दिसतं. वर्षातून एकदा आमचं काम महिनाभर तिथे मांडतात. कार्यकारिणीचे अध्यक्ष थोरले भाऊजी, त्यामुळे कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. ग्रंथपालांनी यादी दिली होती: सूर्यफुलं, फुलपाखरं, पक्षी, शक्य झाल्यास इंद्रधनुष्य.

“मधला कप्पा मला हवाय,” जाऊबाई म्हणाल्या. “डोळ्यांसमोर येतो तो.”

सिस्टरच एकदा म्हणून गेल्या होत्या की आईबापांना मागायचंच सुचत नाही. असं काही असतं हेच माहीत नसतं. दिसलं तर मागतील. ते जाऊबाईंच्या मनात पक्कं बसलं होतं. आम्ही मधल्या कप्प्यात पांढरं कापड अंथरलं आणि त्यावर सात टोप्या आणि बाळाला गुंडाळायची सात लपेटणी मांडली. बाहुल्या नाहीत, फुलं नाहीत. जाऊबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: ‘जी बाळं जगली नाहीत, त्यांच्यासाठी. इस्पितळात मागितल्यास मिळेल. पैसे पडत नाहीत.’

संध्याकाळी ग्रंथपाल हात चोळत आले. माणूस वाईट नाही, पण पाठीला कणा म्हणून काही नाही.

“मॅडम, अध्यक्ष फोनवर म्हणाले, मधला कप्पा रिकामा करा. उद्या अकराला उद्‌घाटन आहे. पाहुण्या येणार.”

“अध्यक्षांना म्हणावं, काढायचं तर स्वतःच्या हाताने काढा,” मी म्हटलं.

“मी असं कसं म्हणू?”

“मी म्हटल्याचं सांगा. माझ्या नावावर अजून एक गुन्हा, त्यात काय!”

त्या रात्री वरच्या मजल्यावर काय झालं ते जाऊबाईंनी मला दोन वाक्यांत सांगितलं. भाऊजी म्हणाले, झालं ते झालं, उकरून काढू नकोस. आणि उठून दुसऱ्या खोलीत गेले.

सकाळी साडेनऊला आम्ही सातहीजण कपाटासमोर खुर्च्या टाकून बसलो. ठरवून नव्हे हो. मी आले तेव्हा जाऊबाई आधीच बसल्या होत्या, मी खुर्ची आणली, मग बेकरीवाल्याने आणली, असं होत गेलं. सगळ्यांच्या हातात सुया. दहाला भाऊजी आले. इस्त्रीचा कोट, हातात किल्ली. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण चाल अजून शाळेच्या तपासनिसाची. मागे ग्रंथपाल, त्यांच्या कडेवर आमचंच भलंमोठं सूर्यफूल.

“उठा सगळे,” भाऊजी म्हणाले. “मला कपाट उघडायचंय.”

“साहेब, फेरी अर्ध्यात आहे,” बेकरीवाला खाली बघूनच म्हणाला. “मोजणी चुकते मग.”

“हा काय पोरखेळ आहे? लोक इथे घटकाभर बरं वाटावं म्हणून येतात. त्यांच्या तोंडावर हे मारायचं? कुणाच्या मनाला काय लागेल याचा काही विचार?”

मी ताडकन उठले. “ज्यांना लागायचं त्यांना केव्हाच लागलंय, भाऊजी! त्यांना घटकाभर बरं वाटावं म्हणून कुणी काय केलं? गुपचूप उसवून टाकलं! मी टाकलं! माझ्या या हातांनी! आता नाही उसवायची. तुम्हाला फुलपाखरं हवीत ना? अठ्ठावन्न आहेत, घरी न्या आणि…”

“धाकटे, तू थांब,” जाऊबाई म्हणाल्या.

मी थांबले. सबंध आयुष्यात मी फार कमी वेळा थांबले आहे.

जाऊबाई उठल्या. काम खुर्चीवर ठेवलं, चष्मा काढला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “तुम्ही तिला नेलं, तेव्हा तिच्या अंगावर काय होतं?”

भाऊजींनी ग्रंथपालांकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग दाराकडे. “अगं, हे काय विचारायचं ठिकाण आहे?”

“घरात ठिकाण मिळालं नाही. चव्वेचाळीस वर्षं बघितलं. म्हणून इथे विचारते. इथे दुसरी खोली नाही तुम्हाला जायला.”

भाऊजींनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता ओरडतील. आणि ओरडले असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. पण त्यांचा आवाज निघाला तो आम्ही कधी न ऐकलेला.

“त्यांनी एक फडकं दिलं होतं. इस्पितळातलं. ते पुरेना. पाय बाहेर येत होते.”

“मग?”

“मी सदरा काढला माझा. त्यात गुंडाळली.”

“कुठला सदरा?”

“निळ्या रेघांचा.”

जाऊबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तो लाँड्रीत हरवला म्हणाला होतात.”

“हो.”

“मी भांडले होते त्या लाँड्रीवाल्याशी. भर दुकानात. भरपाई मागा म्हणून तुमच्या पाठीस लागले होते.”

“माहीत आहे,” भाऊजी म्हणाले. “तो बिचारा नवा सदरा द्यायला तयार झाला होता. मीच जाऊन नको म्हटलं.”

बेकरीवाला हमसून हमसून रडत होता. त्याला त्याची लाज वाटत नव्हती आणि मला माझ्या रडण्याची नव्हती. माझ्या मनात येत होतं, या माणसाला मी आयुष्यभर दगड समजले. आणि त्याच वेळी संतापही येत होता. एवढी एक गोष्ट सांगितली असती तर या बाईची चव्वेचाळीस वर्षं वाचली असती. दोन्ही एकदम वाटत होतं. अजूनही वाटतं.

“तोंड झाकलं होतं?” जाऊबाईंनी विचारलं.

“नाही. शेवटपर्यंत उघडं ठेवलं होतं. तुझ्यासारखी हनुवटी होती.”

जाऊबाईंनी मान हलवली. मग पदराने डोळे पुसले आणि पुन्हा चष्मा लावला. हे सगळं पाच मिनिटांत झालं असेल. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाहुण्या घाईच्या बाई निघाल्या, पाऊण तास आधीच आल्या. हसऱ्या, मोठ्या कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या. ग्रंथपाल सूर्यफुलासकट पुढे धावले, मग मागे आले, मग भाऊजींकडे बघत मधोमध उभे राहिले. आम्ही खुर्च्या जरा बाजूला सरकवल्या. कपाटापासून मात्र हललो नाही.

पाहुण्या काचेजवळ आल्या. वरची फुलपाखरं बघून “अगंबाई, किती गोड!” म्हणाल्या. मग त्यांची नजर मधल्या कप्प्यावर गेली. चिठ्ठी वाचायला त्यांनी पर्समध्ये चष्मा शोधला, पण तो काही सापडेना.

“आणि हे इतकं इवलंसं काय आहे? बाहुल्यांचे कपडे?”

“ते… ते राहू द्या,” भाऊजी म्हणाले. “आपण पुढे बघू. खाली पक्षी आहेत.”

“पुढे नाही,” जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण रस्त्यावरचा माणूसही थांबला असता असा होता. “इथेच थांबा. कुणासाठी आहे ते तुम्ही सांगा त्यांना. मी नाही सांगणार, धाकटी नाही सांगणार. तुम्ही.”

ग्रंथपालांनी सूर्यफूल हळूच जमिनीवर ठेवलं. भाऊजींनी कोटाच्या खिशात किल्ली टाकली, घसा खाकरला आणि त्या परक्या बाईकडे सरळ बघितलं.

“आम्हाला आधी एक मुलगी झाली होती,” ते म्हणाले.